सेअरी गॅम्पची छत्री : इंग्लंडातील सुईणीच्या शिक्षणाविषयी काही टिपणे

एखादे पात्र पुस्तकातून उठून भाषेत सामान्यनाम होऊन बसले, की पात्राचे भाग्य उजळते. पण ज्या वर्गातून लेखकाने ते उचललेले असते त्या वर्गाचे पुष्कळदा वाटोळे होते. शकुनीमुळे साऱ्या मामांना जे सोसावे लागले तसेच हे. चार्ल्स डिकन्सच्या 'मार्टिन चझलविट' (१८४३-४४) या कादंबरीतील सेअरी गॅम्प हे असे एक पात्र आहे. ही बाई बाळंतपणे करते, आजाऱ्यांच्या उशाशी रात्र काढते आणि मेलेल्यांना शेवटची आंघोळही घालते. जन्म असो वा मृत्यू, तिचा उत्साह सारखाच. हाताशी दारूची बाटली, तोंडी कोणाच्याही दृष्टीस कधी न पडलेल्या हॅरिसबाईंचे दाखले आणि काखेत विटक्या रंगाची एक जुनाट छत्री. ती छत्री एवढी गाजली, की ढगळ, गबाळ्या छत्रीला इंग्रजीत 'गॅम्प' हेच नाव पडले. आणि अडाणी, अस्वच्छ, मद्यपी सुईणीलाही.

इंग्लंडात सुईणीच्या शिक्षणाचा व नोंदणीचा कायदा १९०२ साली झाला. त्याआधीच्या अर्धशतकात या विषयावर जे लिहिले-बोलले गेले त्यात गॅम्पबाई वारंवार साक्षीला उभी राहते. कल्पित पात्र वास्तवाचा पुरावा म्हणून दाखल होते आणि उलटतपासणीशिवाय ग्राह्य धरले जाते. साहित्य शिकवणाऱ्यांना या गोष्टीत रस वाटावा, नव्हे थोडी काळजीही वाटावी, असे आम्हांस वाटते. आज इंग्लंडात सुईण होण्यासाठी विद्यापीठाची पदवी लागते. गॅम्पबाईपासून पदवीपर्यंतचा हा रस्ता सरळ उजेडाकडे जाणारा होता, असा एक रूढ समज आहे. तो तपासून पाहावा, एवढाच या टिपणांचा हेतू.

आधी शब्दांकडे पाहू. इंग्रजी 'मिडवाइफ' या शब्दातला 'मिड' म्हणजे 'मध्य' नव्हे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'सोबत' असा होता, आणि 'वाइफ' म्हणजे नुसती बाई. बाईच्या सोबत असणारी ती मिडवाइफ. फ्रेंच तिला 'शहाणी बाई' म्हणतात, डॅनिश भाषेत ती 'भूमिमाता' होते, इटालियनात मूल उचलून घेणारी. एकाही शब्दात औषध नाही, शस्त्र नाही, शाळा नाही. अध्यापकांना तर या धंद्याशी नाते सांगण्याचा फार जुना हक्क आहे. सॉक्रेटिसाची आई फायनारेटी ही सुईण होती आणि प्लेटोच्या 'थिएटेटस' या संवादात सॉक्रेटिस आपल्या अध्यापनाची तुलना आईच्या धंद्याशी करतो : आपण स्वतः काही प्रसवत नाही, दुसऱ्याच्या मनातले बाहेर यायला मदत करतो. हे रूपक आम्ही वर्गात मोठ्या अभिमानाने सांगतो. ज्या बाईच्या नावाने ते चालते तिने आपली विद्या कोठे व कशी मिळवली असेल, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

इंग्लंडात सोळाव्या शतकापासून सुईणीला परवाना देण्याचा अधिकार धर्मपीठाकडे होता. बिशपच्या कचेरीत जाऊन तिने शपथ घ्यायची : गरीब-श्रीमंत असा भेद करणार नाही, जादूटोणा करणार नाही, मूल बदलणार नाही, अनौरस मुलाच्या आईकडून खऱ्या बापाचे नाव काढून घेईन. मूल दगावण्याची भीती असेल तर बाप्तिस्मा देण्याचा अधिकारही तिला होता, आणि म्हणून ती धर्मनिष्ठ असणे आवश्यक होते. शेजारणी व पूर्वी तिच्या हातून सुटका झालेल्या बाया तिच्या बाजूने साक्ष देत. पुस्तकी परीक्षेचा येथे प्रश्नच नव्हता. पण अनुभवाची साक्ष ज्यांना तो अनुभव आला त्यांच्याच तोंडून घ्यायची, ही रीत आजच्या काही परीक्षापद्धतींहून बरी म्हणावी लागेल.

या परवान्याचे चित्र लॉरेन्स स्टर्नच्या 'ट्रिस्ट्रम शँडी'त (१७५९-६७) आहे. गावात सहा-सात मैलांत सुईण नाही. नवरा गेलेली, पदरी लहान मुले असलेली एक बाई गावच्या धर्मगुरूच्या पत्नीच्या मनात भरते. तिला थोडे शिकवून घेतले जाते आणि परवान्याची फी धर्मगुरू स्वतः भरतो. ती किती, हेही स्टर्न नेमके सांगतो : अठरा शिलिंग, चार पेन्स. पुढे शँडीबाईंचे दिवस भरतात तेव्हा त्या याच सुईणीचा हट्ट धरतात. नवऱ्याला मात्र नव्या विद्येचे वेड. तो डॉक्टर स्लॉपला बोलावतो. डॉक्टर आपला लोखंडी चिमटा घेऊन येतो, टोबीकाकाच्या मुठींवर प्रात्यक्षिक करताना त्याची बोटे सोलून काढतो आणि अखेर नायकाचे नाक चेपतो. स्लॉप हे पात्र यॉर्कच्या जॉन बर्टन या डॉक्टरवरून बेतलेले. या बर्टनने १७५१ साली प्रसूतिशास्त्रावर ग्रंथ लिहिला होता आणि त्यातील चित्रे, पुढे घोड्यांच्या चित्रांसाठी विख्यात झालेल्या जॉर्ज स्टब्जने काढली होती. स्टर्नचा विनोद पुरुषांवर रोखलेला आहे, सुईणीवर नाही. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांत विनोदाचा रोख बदलला. तो का बदलला, हा आमच्या मते इंग्रजी कादंबरीच्या अभ्यासकांनी विचारावा असा प्रश्न आहे.

चिमट्याची कथा थोडक्यात सांगतो. चेंबरलेन नावाच्या एका घराण्याने सतराव्या शतकात तो बनवला आणि शतकाहून अधिक काळ कुलविद्येसारखा गुप्त ठेवला. किती माता व मुले त्या गुप्ततेपायी गेली असतील याचा हिशेब करता येणार नाही. गुपित फुटल्यावर चिमटा पुरुष-वैद्यांच्या हाती गेला आणि 'पुरुष सुईण' हा धंदा फोफावला. स्त्रियांच्या बाजूने या काळात तीन नावे येतात. १६७१ साली जेन शार्पने इंग्रजीत सुईणींसाठी पुस्तक लिहिले. १६८७ साली एलिझाबेथ सेलियरने राजा दुसरा जेम्स याच्यापुढे सुईणींच्या महाविद्यालयाची योजना मांडली : सुईणींनी वर्गणी भरावी, त्यातून शिक्षण व्हावे, टाकलेल्या मुलांसाठी रुग्णालय चालावे. पुढच्याच वर्षी जेम्सला सिंहासन सोडून पळावे लागले आणि योजना कागदावर राहिली. आणि १७६० साली एलिझाबेथ निहेलने पुरुष-वैद्यांवर, त्यांतही विल्यम स्मेलीवर, कडाडून टीका करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. निहेल शिकली होती ती पॅरिसच्या ओतेल-द्यू या रुग्णालयात. इंग्लंडच्या बाईला रुग्णालयात राहून ही विद्या शिकायची तर समुद्र ओलांडावा लागे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

त्या समुद्रापलीकडे याच काळात जे चालले होते ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आंजेलिक द्यु कुद्रे या पॅरिसच्या सुईणीला १७५९ साली पंधराव्या लुईने राजाज्ञा दिली, की तिने देशभर फिरून खेड्यांतील बायकांना शिकवावे. पुढची सुमारे पंचवीस वर्षे ती गाडीतून फ्रान्स पालथा घालत होती. विद्यार्थिनी शेतकरी बायका. त्यांतील पुष्कळजणी निरक्षर. मग तिने कापड, चामडे व कापूस यांची एक बाहुली तयार केली. स्त्रीच्या धडाचा खालचा भाग, त्यात गर्भाशय, त्यात नाळेसह मूल. मूल आडवे आले तर काय करायचे, पायाळू असले तर हात कोठे घालायचे, वार अडकली तर किती थांबायचे, हे सारे त्या बाहुलीवर बोटांनी शिकायचे. तिने पुस्तकही लिहिले. पुढे त्यात रंगीत चित्रे घातली. परंतु काही हजार बायका शिकल्या त्या बाहुलीवर. त्या बाहुल्यांपैकी एक आज रुआँ शहरात पाहायला मिळते, आणि ती ज्या संग्रहालयात आहे ते गुस्ताव्ह फ्लोबेरचे जन्मघर आहे. त्याचे वडील तेथील रुग्णालयात शल्यविशारद होते. 'मादाम बोव्हारी'तील शस्त्रक्रियेचा निर्विकार तपशील वाचताना आम्हांला ती कापडी बाहुली आठवते. हा आमचा चाळा समजून वाचकांनी सोडून द्यावा.

आता १८४० नंतरच्या काळाकडे वळू. गॅम्पबाई कादंबरीत अवतरली त्याच दशकात व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. दाखल करून घेण्याचे वार ठरलेले असत, त्यामुळे कोणती बाई कोठे जाईल हे केवळ वारावर ठरे. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतपणांपैकी ४५९ बाया दगावल्या, म्हणजे शेकडा ११.४. सुईणींच्या विभागात ३,७५४ पैकी १०५, शेकडा २.८. शहरातल्या बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या पाया पडत. रस्त्यात बाळंत झालेल्या परवडल्या, असा अनुभव होता. इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ साली कारण शोधले : विद्यार्थी व अध्यापक शवविच्छेदनाच्या खोलीतून थेट बाळंतिणीकडे येत होते. क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केल्यावर मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. सुईणींच्या अभ्यासक्रमात शवविच्छेदन नव्हते. त्यांच्या विभागातील बाळंतिणी वाचत होत्या त्या यामुळे. अधिक शिक्षण म्हणजे अधिक सुरक्षितता, हे समीकरण या काळात तरी उलटे होते. आणि तरीही इंग्लंडात दोषी ठरली ती गॅम्पबाईच.

डिकन्सवर आम्ही अन्याय करू इच्छित नाही. हे पात्र त्याला सुचले ते अँजेला बर्डेट-कूट्स या धनिक स्नेही बाईंच्या सहचारिणीच्या आजारपणात नेमलेल्या एका परिचारिकेवरून. गरिबांच्या वाट्याला अशीच भाडोत्री सेवा येते, हे पुढील आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने स्पष्टपणे सांगितले. म्हणजे त्याचा रोख समाजाच्या बेपर्वाईवर होता. वाचकांनी बेपर्वाई विसरून बाटली लक्षात ठेवली.

कायद्यासाठी ज्यांनी खस्ता खाल्ल्या त्या स्त्रियांना गॅम्पबाईपासून स्वतःला वेगळे काढणे भाग होते. १८८१ साली झेफरिना व्हीच व तिच्या सहकारी यांनी एक संस्था स्थापन केली. तीच पुढे सुईणींची राष्ट्रीय संस्था झाली आणि १९४७ साली तिला 'रॉयल' हे बिरुद मिळाले. रोझालिंड पॅजेटसारख्या सुशिक्षित, संपन्न घरातील स्त्रिया तिच्यात होत्या. विधेयके संसदेत मांडली जात व बारगळत. विरोध डॉक्टरांचा होता, विशेषतः ज्यांचे पोट गरिबांच्या बाळंतपणांवर चाले त्या सामान्य डॉक्टरांचा. त्यांचे म्हणणे असे, की अर्धवट शिकलेली बाई अडाणी बाईपेक्षा धोक्याची. अखेर १९०२ साली इंग्लंड व वेल्सपुरता कायदा झाला. १९०५ पासून नोंदणीवाचून कोणी 'मिडवाइफ' म्हणवून घेऊ शकणार नव्हती. १९१० पासून पैसे घेऊन नेमाने हा धंदाही करू शकणार नव्हती. शिक्षणाचा काळ तीन महिने. १९१६ साली तो सहा महिने झाला, पुढच्या दशकात एक वर्ष.

कायद्यातील दोन गोष्टी आम्हांला बोलक्या वाटतात. सुईणींचे नियमन करणाऱ्या मध्यवर्ती मंडळात एखादी तरी सुईण असलीच पाहिजे, अशी तरतूदच त्यात नव्हती. दुसरी गोष्ट जुन्या सुईणींची. वर्षभर धंदा केलेल्या व चारित्र्याचा दाखला आणणाऱ्या बाईस परीक्षेवाचून नोंदणी मिळाली. पहिल्या यादीत बावीस हजारांहून थोडी अधिक नावे होती आणि त्यांतील निम्म्याहून जास्त या जुन्या बायांची. कायदा पोटात घेत होता, पण अटी घालून : पिशवीत ठरलेली साधने हवीत, कपडे धुता येतील असे हवेत, घराची तपासणी होईल, आणि प्रत्येक बाळंतपणाची लेखी नोंद ठेवावी लागेल. येथे गाडे अडले. यांतील कितीएकींना लिहिता येत नव्हते. शेकडो मुले सुखरूप हातात घेतलेली बाई नोंदवहीपुढे हतबल झाली. मौखिक परंपरेचे आम्ही जे गोडवे गातो त्यांना ही नोंदवही बाजूस ठेवून चालणार नाही; कारण त्याच नोंदींमुळे कोण कोठे व कशाने दगावले हे प्रथमच कळू लागले.

तरीही मृत्यू लगेच घटले नाहीत. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडात दर हजार जन्मांमागे चार ते पाच माता दगावत होत्या. उतार आला तो सल्फा औषधांनंतर. लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुकने १९३६ साली बाळंतज्वरावर त्यांचा यशस्वी वापर केला. त्याच वर्षीच्या कायद्याने सुईणीला नगरपालिकांच्या पगारी सेवेत घेतले. सायकलवरून फिरणारी सुईण ती हीच. जेनिफर वर्थ यांच्या २००२ सालच्या आठवणींमुळे व त्यावरील दूरदर्शन मालिकेमुळे ती आता जगभर ठाऊक झाली आहे. गॅम्पबाईच्या छत्रीची जागा लोकांच्या मनात सायकलने घेतली.

पुढचा भाग आम्ही भराभर सांगतो. १९७० साली एका सरकारी समितीने सर्व बाळंतपणे रुग्णालयात व्हावीत अशी शिफारस केली. सुईण सायकलवरून उतरली आणि पाळ्यांच्या वेळापत्रकात बसली. १९७६ साली काही विद्यार्थिनींनीच बंड पुकारून एक संघटना काढली व तिच्या नावाची आद्याक्षरे मुद्दाम अशी जुळवली, की गर्भजलाची पिशवी कृत्रिमपणे फोडण्याच्या, त्या काळी सर्रास होणाऱ्या क्रियेचे ते संक्षिप्त नाव व्हावे. श्लेषाचा असा राजकीय उपयोग वर्गात सांगण्यासारखा आहे. १९८० साली युरोपीय समुदायाने नियम केला, की शिकाऊ सुईणीने स्वतःच्या हाताने किमान चाळीस बाळंतपणे केलेली असावीत. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात रुग्णालयांतील शाळा विद्यापीठांत विलीन झाल्या आणि २००८ च्या सुमारास पदवी अनिवार्य झाली. तीन वर्षांचा अभ्यास. निम्मा वेळ वर्गात, निम्मा प्रसूतिकक्षात. चाळीसही सुटकांची सहीनिशी नोंद. १९०२ ची नोंदवही येथे अभ्यासक्रमाचा कणा झाली आहे. मात्र २०१७ पासून तेथील सरकारने या विद्यार्थिनींचे विद्यावेतन बंद करून शुल्कासाठी कर्ज घ्यायला लावले. २०२० पासून काही अनुदान पुन्हा सुरू झाले. रात्रपाळीत बाळंतपण करणाऱ्या मुलीने त्याच कामासाठी कर्ज काढावे, या व्यवस्थेला काय म्हणावे हे डिकन्सलाच विचारायला हवे होते.

आपल्याकडे हा इतिहास वेगळ्या वाटेने आला. १८६३ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेथील बाळंतिणींची जबाबदारी सावित्रीबाईंनी उचलली. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत हा अशाच एका विधवेचा मुलगा. १८८६ साली फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. म्हणजे ग्रंथांतील विद्येवर. गावोगावच्या बाळंतिणींच्या खोलीतील विद्या मात्र ग्रंथांत नव्हती. महाराष्ट्रातील पुष्कळ गावांत ती मांग समाजातील स्त्रियांच्या हातांत होती : एरवी जिची सावली चालत नसे तिचाच हात या वेळी चाले, आणि बारा दिवस उलटले की पुन्हा चालेनासा होई. १९०३ साली लेडी कर्झन यांनी देशी दायांना शिकवण्यासाठी निधी उभारला. १९२७ साली कॅथरिन मेयोने 'मदर इंडिया'त दाईचे जे किळसवाणे चित्र रंगवले, त्यात आम्हांला गॅम्पबाईची छत्री ओळखू येते. फरक असा, की येथे विनोद गळून गेला होता आणि चित्राचा उपयोग एका देशाला स्वराज्यास अपात्र ठरवण्यासाठी होत होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीप्रमाणे (२०१९-२१) देशातील शेकडा ८८.६ बाळंतपणे संस्थांत होत होती. खासगी रुग्णालयांत होणाऱ्या बाळंतपणांपैकी शेकडा ४७.४ शस्त्रक्रियेने होत होती. डॉक्टर स्लॉपने हा आकडा पाहिला असता तर त्याला धन्य वाटले असते. २०१८ साली केंद्र सरकारने स्वतंत्र प्रसाविका घडवण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. परिचारिकेची पदवी वा पदविका घेतलेल्यांना त्यापुढे अठरा महिन्यांचे शिक्षण, आणि नैसर्गिक बाळंतपणे त्यांच्या हाती सोपवण्याचा संकल्प. २०२३ च्या कायद्याने परिचर्या व प्रसाविका यांच्या राष्ट्रीय आयोगाची तरतूदही केली.

सरकारी मराठीने तिला 'प्रसाविका' हे नाव दिले आहे. 'सुईण' हा शब्द नको होता, कारण त्याला जातीचा व अडाणीपणाचा वास येतो असे शब्द घडवणाऱ्यांना वाटले असावे. 'दाई' फारसीतून आलेला, तोही नको. 'प्रसाविका' हा शब्द निर्दोष आहे आणि तो कागदावरच राहिला आहे. वॉर्डातल्या बायका तिला 'सिस्टर' म्हणतात.